मायनस अठरातलं स्टूल

मे महिना, दुपारचे दोन, तारापूर एमआयडीसीतला डांबरी रस्ता चपलेला चिकटतोय, आणि कंपनीच्या गेटपाशी बदामाच्या झाडाखाली एक माणूस माकडटोपी घालून थर्मासमधलं गरम पाणी फुंकून फुंकून पितोय. काकांचं मला झालेलं पहिलं दर्शन हे असं. मला वाटलं आजारी आहेत. सोबतची मुलगी म्हणाली, "आजारी नाहीत, रूम नंबर दोन आहेत."

मी तेव्हा पालघरच्या कॉलेजातून बीएस्सी करून क्वालिटीला ट्रेनी म्हणून नुकती लागलेली. कंपनी कोळंबी गोठवायची. रूम नंबर दोन म्हणजे सगळ्यात मोठी कोल्ड रूम, आत मायनस अठरा. काका तिचे इनचार्ज. चोवीस वर्षं त्याच रूमवर, बेटेगावहून सायकलने येणार, सायकलने जाणार. घरात पंखा लावायचे नाहीत. थंड पाणी प्यायचे नाहीत. कुणी आइस्क्रीम पुढे केलं तर "मी ड्युटीवर नाय आता" म्हणायचे.

त्यांच्या तोंडात दिवसातून शंभरदा येणारे शब्द दोनच. दार आणि चेन. कुणी आत गेलं, बाहेर आलं, नुसतं दारापाशी घुटमळलं, की मागून आवाज यायचा, "दार." आणि आत जाणाऱ्याच्या कोटाची चेन गळ्यापर्यंत नसली की, "चेन." बास, पुढे काही नाही. हमाल सगळे यूपी-बिहारकडचे, त्यांच्यासाठी हिंदीत, "दरवाजा. चेन." मी एकदा त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा काकींनी पाणी द्यायला फ्रीज उघडला आणि ओटीवरून लगेच, "दार." काकी मला म्हणाल्या, "लग्नात आमच्या मधी अंतरपाट धरला होता, तो खाली घेतला तवा पण हे बोलले असतील बघ मनातल्या मनात."

तर आता जॅकेटचं.

ते कसं सुरू झालं याच्या तीन-चार गोष्टी कंपनीत चालायच्या. मला पटते ती अशी. अकाउंट्समधला कुणीतरी लग्नानंतर मनालीला चालला होता, बोईसर स्टेशनजवळच्या दुकानातून फुगीर जॅकेट घेऊन आला आणि कँटीनमध्ये घालून मिरवत होता. काकांनी दोन बोटांनी बाही दाबली आणि म्हणाले, "चल, बसून दाखव." रूममध्ये स्टूलवर बसवलं. चौथ्या मिनिटाला नवरदेव बाहेर. त्यानंतर सुट्टीला थंडीत जाणारा प्रत्येक जण आधी काकांकडे यायला लागला. मग त्यांचे भाऊ-बहिणी. मग पालघरचा एक ट्रेकिंगचा ग्रुप. मग कॅनडाला शिकायला निघालेल्या पोरांच्या आया. मॅनेजर बघून न बघितल्यासारखं करायचे, कारण त्यांच्या मुलाचं जॅकेट पण काकांनीच पास केलेलं.

वेळ दुपारच्या जेवणाची. गमबूट, टोपी, पायाखाली क्लोरीनचं पाणी, सगळं नियमाने. पण आत न्यायच्या आधी जॅकेटची बाहेर तपासणी. काका ते बदामाखालच्या बाकावर पसरायचे आणि शेजारी एक स्टीलचा ग्लास उभा करायचे. मग जॅकेटची गुंडाळी करून तिच्यावर बसायचे. खरंच बसायचे, डबा उघडून, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊन होईपर्यंत. उठल्यावर जॅकेट परत पसरायचं आणि बघत राहायचं. हात धुऊन येईपर्यंत ते ग्लासाच्या अर्ध्यापर्यंत फुगलं तर ठीक. नाही फुगलं तर, "ही गादी हाय. घरी पसरा, झोपा."

या फुगीर जॅकेटांत डाऊन भरलेला असतो. डाऊन म्हणजे बदकाच्या नाहीतर हंसाच्या पोटाखालचा तो भुरभुरीत कापूस. पीस नाही, पिसाला मधे काडी असते, याला नसते. हे मला काकांनीच सांगितलं. ते जॅकेट चिमटीत धरून हळूहळू सरकवत जायचे आणि काडी लागली की, "हितं एक." मग, "हितं दुसरी." खूप काड्या म्हणजे दुकानदाराने डाऊन सांगून पिसं दिली. चिमूट नेहमी उजव्या हाताची. डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना त्यांना काही कळायचं नाही. नोकरीला लागले तेव्हा कंपनीने दिलेल्या कोटाच्या बाह्या आखूड होत्या आणि हातमोजे नव्हतेच, एवढंच सांगायचे. तेही कुणी विचारलं तरच.

मग शिवण. शिवणीला तोंड लावून जोरात फुंकायचे, दुसऱ्या बाजूला जॅकेट आणणाऱ्या मुलाला नाहीतर मुलीला गाल लावून उभं करायचे. "लागला वारा?" "लागला." "मग थंडीला पण वाट सापडंल." ज्या जॅकेटात बाहेरचं कापड आणि आतलं कापड आरपार एकत्र शिवलेलं असतं ते हलकं असतं, स्वस्त असतं, मुंबईच्या हिवाळ्याला चालतं. ज्यात दोन कापडांच्या मधे उभ्या पट्ट्या टाकून कप्पे केलेले असतात, त्यात डाऊन सगळीकडे सारखा बसतो. वाकलं की कंबर उघडी पडता कामा नये. टोपी जॅकेटला जोडलेली हवी आणि डोकं वळवलं की टोपीही वळायला हवी, नाहीतर माणूस टोपीच्या आत बघत बसतो. खिसे कमरेच्या पट्ट्याच्या वर. हे सगळं या माणसाला माहीत. बर्फ पाहिलेला नाही, हिमालय पाहिलेला नाही, उत्तरेला सगळ्यात लांब गेलेले ते सुरतेपर्यंत, मेव्हण्याच्या साखरपुड्याला.

शेवटी स्टूल. लाल प्लास्टिकचं, थंड हवा फेकणाऱ्या ब्लोअरच्या बरोबर समोर. दहा मिनिटं. जॅकेटच्या आत पाठीशी एक काटा सरकवायचे. तो काटा खरं म्हणजे कोळंबीच्या खोक्यात खुपसून आतलं तापमान बघायचा. कॅनडावाल्या एका आईने विचारलं, "धुतलाय ना हो?" काका म्हणाले, "कोळंबीनं तक्रार नाय केली अजून."

दहा मिनिटं माणूस बसला आणि काटा फार उतरला नाही की पास. पास म्हणजे गोणी शिवायचा लाल दोरा चेनच्या टोकाला बांधायचा, दोन गाठी. आणि मग एकच सूचना, सगळ्यांना तीच, अगदी त्याच शब्दांत. "आत गेल्यावर काढायचं नाय. बाहेर येईपर्यंत अंगावरून उतरवायचं नाय. चेन गळ्यापर्यंत." कोल्ड रूमचा पहिला नियम तोच आहे, भिंतीवर लिहिलेला. वर स्वतःचं एक जोडायचे, "जाकीट गरम नसतं गो. गरम तू. जाकीट नुसतं दार हाय."

मला डिसेंबरात उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला जायचं होतं. पहिलाच ट्रेक. माझं पहिलं जॅकेट ऑनलाइन सेलमधलं, काकांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडायच्या आत नापास केलं. दुसरं शिवणीत गेलं. तिसरं मी मैत्रिणीसोबत मुंबईला जाऊन आणलं. त्याच्यावर ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले, उठले, आणि ते इतकं पटकन फुगलं की ग्लास आडवा झाला. काकांनी ग्लास उचलला, पुसला, आणि मी स्टूलवरची दहा मिनिटं काढल्यावर चेनला दोरा बांधला.

त्या दोऱ्याचा मला किती अभिमान होता ते आता लिहायला पण कसंतरी वाटतं. ट्रेकला सगळ्यांना दाखवला मी. दुसऱ्या दिवशी मोठा चढ लागला, ऊन पण होतं, सगळ्यांनी जॅकेटं काढून पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबली. गाइड तिथलाच, माझ्याच वयाचा. म्हणाला, "दीदी, उतार दो, पसीना आएगा." मी म्हटलं, "नहीं, ठीक है." म्हणाला, "आपकी मर्ज़ी." हा मुलगा रोज बर्फात असतो हे मला दिसत होतं. पण काका पण रोज बर्फात, आणि तेही चोवीस वर्षं.

चेन गळ्यापर्यंत लावून मी चार तास चढले. कॅम्पवर पोचेपर्यंत जॅकेट आतून ओलं. बसल्यावर दहा मिनिटांत त्यातला सगळा डाऊन गोळे होऊन खाली उतरला. हात लावला तर वरती नुसतं कापड, खाली शेवेच्या लाडवासारखे गोळे. डाऊन भिजला की संपला, हे पण मला नंतर कळलं. मी एवढी कुडकुडायला लागले की मला माझ्या बुटाची नाडी सोडता येईना. गाइडने स्वतःचा कोट दिला, गरम पाण्याची बाटली पोटाशी दिली, आणि सकाळी ग्रुप वर गेला तेव्हा मला तंबूतच ठेवलं. मी वरपर्यंत गेलेच नाही. एवढंच.

परत आल्यावर काकांनी विचारलं, "जाकीट?"

मी म्हटलं, "एकदम मस्त."

आता यात काय एवढं, असं मला वाटलं. पण काकांनी ते धरून ठेवलं. पुढचे पंधरा दिवस जो येईल त्याला, "आमच्या क्वालिटीची पोरगी बर्फात जाऊन आली. विचार तिला." आणि मी मान हलवायची.

मग वाणगावच्या एक बाई आल्या. शाळेत शिकवतात, पन्नाशी ओलांडलेली, शाळेला रजा टाकून आयुष्यात पहिल्यांदा एकट्या आठ दिवसांच्या बर्फातल्या ट्रेकला निघाल्या होत्या. जॅकेट चांगलं होतं. स्टूलवर बसून त्यांनी पूर्ण वेळ काकांना ब्लोअर कसा चालतो ते विचारलं. काकांनी दोरा बांधला, सूचना दिली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू जाऊन आलीस ना? हे म्हणतात तसंच करायचं?"

मी मान हलवली.

हे बुधवारी. बाईंची गाडी शनिवारी पहाटेची. गुरुवारी मी बाकाकडे फिरकलेच नाही. शुक्रवारी काकांनी डबा उघडला तेव्हा मी जाऊन बाकावर बसले.

"काका, ते माझं जॅकेट भिजलं होतं."

"पाऊस पडला?"

"नाही. घामाने."

"थंडीत घाम?"

मी सगळं सांगितलं. चढ, गाइड, गोळे, तंबू. त्यांनी भाकरी तशीच हातात धरलेली.

"तू बोलली एकदम मस्त."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटलं असतं तर घरी बसून वाटलं असतं गो," काका म्हणाले. "बाईला बर्फात वाटंल."

डब्याचं झाकण लावलं आणि उठले. मला वाटलं ते माझ्यावर ओरडतील, ते बरं झालं असतं. ते सरळ लोडिंगच्या बाजूला गेले. हमाल जेवून पडले होते. त्यांच्यातल्या एका उंच माणसाला काका रोज पाच-सहा वेळा तरी चेनवरून बोलायचे. खोकी उचलायला लागला की हा कोट उघडायचा, हे ओरडले की लावायचा, ते वळले की परत उघडायचा. काकांनी त्याला उठवलं.

"तू चेन क्यों खोलता है?"

त्याला वाटलं आता पगार कापणार. "नहीं चाचा, अब से—"

"बता ना. क्यों खोलता है?"

"माल उठाते हैं तो अंदर से भीग जाता है, चाचा. फिर बैठो तो जान निकलती है. उठाते टाइम खुला, बैठते टाइम बंद. गाँव का बच्चा भी जानता है."

"पहले क्यों नहीं बोला?"

"बोला था. दो बार बोला था. आप बोले, चेन."

बाकीचे हमाल हसले. काका नाही हसले. मला वाटतं ते हिशोब लावत होते. रूममध्ये त्यांचं काम उभं राहून बघायचं, काटा खुपसायचा, लिहायचं. चोवीस वर्षांत त्यांना आत घाम आलाच नव्हता. आणि स्टूलवर पण माणूस बसूनच असतो.

पण ऐकून मान्य करणाऱ्यातले ते नव्हते. मला म्हणाले, "तुझं जाकीट कुठंय?" माझं जॅकेट तेव्हा घरी, तसंच गोळे झालेलं, कपाटात लपवलेलं. मग त्यांनी तपासायला आलेलं एक दुसरं, पास झालेलं, घ्यायला अजून कुणी न आलेलं जॅकेट घातलं. "मालकाला धुऊन देईन." चेन गळ्यापर्यंत. आत गेले आणि हमालांसोबत खोकी उचलायला लागले. दहा किलोचं एक खोकं, चाळीस खोकी, खालून वरच्या थरावर. हमाल शिट्ट्या मारत होते, "चाचा, आज से डबल ड्यूटी." मी दारातल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पडद्यामागून बघत होते. शेवटच्या दहा खोक्यांना त्यांचा श्वास मला बाहेर ऐकू येत होता. मग ते जाऊन स्टूलवर बसले आणि स्वतःच्या हाताने पाठीशी काटा सरकवला.

सातव्या मिनिटाला उठून बाहेर आले. ओठ निळसर. त्या स्टूलवरून दहाच्या आत उठताना त्यांना कुणीच पाहिलं नव्हतं. मला काटा दाखवला. मी आकडा वाचला, त्यांनी वहीत लिहिला.

"बाईला फोन लाव."

बाईंनी उचलला नाही. परत लावला, नाही. शाळेत त्यांचा फोन पर्समध्ये असतो हे नंतर कळलं. काका म्हणाले, "तुझी स्कूटी हाय ना?"

शिफ्ट सुटल्यावर आम्ही वाणगावला निघालो. मागे माकडटोपी, वर हेल्मेट, दोन्ही हात माझ्या सॅकला धरलेले. "हळू चालव गो, वारा लागतो." बाहेर बत्तीस डिग्री होतं.

बाईंच्या हॉलमध्ये सगळं सामान मांडलेलं होतं, मोजे मोज्यांसोबत, औषधं औषधांसोबत, आणि जॅकेट एका मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवलेलं, दाबून नाही. काकांनी ते आधी बघितलं आणि त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं. मग उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, मी तुमाला चुकीचं सांगितलं."

"म्हणजे जॅकेट नापास?"

"जाकीट पास हाय. सांगणं नापास."

बाईंनी चष्मा लावला, टेबलावरची वही ओढली. "बसा. सांगा परत, लिहून घेते."

काकांनी सांगितलं. चालायला लागायच्या आधी काढायचं, थोडी थंडी वाजली तरी. सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवायचं. थांबलं की लगेच घालायचं, घाम थंड व्हायच्या आधी. मग चेन गळ्यापर्यंत. ओल्या बर्फात वरून पाणी न शिरणारं पातळ काहीतरी घालायचं. बाईंनी सगळं लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"तुम्ही गेलायत बर्फात?"

"नाय."

"मग हे कुणी सांगितलं?"

मी खाली बघत होते. काका म्हणाले, "आमचा एक हमाल हाय, त्यानी. आणि ही. हिनी जरा उशिरा सांगितलं, पण सांगितलं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शाळेत तीस वर्षं झाली मला. तपासून दिलेला पेपर परत तपासायला घरी आलेलं कुणी बघितलं नाही." आणि चहा टाकायला गेल्या. काकांनी आतल्या बाजूला ओरडून सांगितलं, "गरमच द्या, बशीत ओतू नका."

पुढचा आठवडाभर काका जेवणाच्या सुट्टीत गेटवर उभे राहून फोन करायचे. ज्यांचे नंबर मिळाले त्या सगळ्यांना. कॅनडाला पण, तिथे तेव्हा मध्यरात्र असेल याचा विचार न करता. "चालताना काढायचं. हां, मीच बोललो होतो. आता मीच बोलतो." काही जण म्हणाले आम्ही तसंही काढतच होतो. ते ऐकून ते वहीत त्या नावापुढे खूण करायचे, मग पुढचा नंबर.

माझं जॅकेट त्यांनी मागून घेतलं. काकींनी कोमट पाण्यात धुतलं. आपल्याकडच्या दमट हवेत डाऊन वाळत नाही, वास धरतो, म्हणून त्यांनी ते कंप्रेसर रूमच्या मागे, जिथे गरम हवा बाहेर पडते तिथे टांगलं, आणि तीन दिवस दर चहाला जाऊन चिमटीने गोळे फोडले. उजव्या हाताने. चौथ्या दिवशी ग्लास मांडून माझ्यासमोर तपासलं. दोरा होता तिथेच होता. मला वाटलेलं कापतील.

बाईंचा फोटो आला तो सगळ्यात वरचा, मागे नुसतं पांढरं. अंगात जॅकेट, चेन गळ्यापर्यंत, लाल दोरा दिसतोय. खाली लिहिलेलं, आताच थांबले आणि आताच घातलं. काकांनी माझ्या मोबाइलवर तो दोन बोटांनी मोठा करकरून बघितला.

"टोपीची नाडी बांधली नाय," म्हणाले, आणि मोबाइल परत दिला.

आता स्टूलवर बसायच्या आधी वीस खोकी उचलावी लागतात. कॅनडावाल्या आयासुद्धा उचलतात, पोराच्या वतीने. मी ती कंपनी सोडली, आता वापीला आहे. माझ्या शेवटच्या दिवशी मी रूम नंबर दोनपाशी निरोप घ्यायला गेले तेव्हा दुपारची गाडी लागली होती. तो उंच हमाल खांद्यावर खोकं घेऊन आत शिरला, कोट सताड उघडा. काकांनी त्याच्याकडे बघितलं, तोंड उघडलं. मग मिटलं. तो पडद्याच्या आत गेल्यावर म्हणाले,

"दरवाजा."